ब्लॉक-पिस्टन ओरिजिनल सांगून ३६,७५० रुपयांना बुडवलं

चेनसॉचा सायलेन्सर खोलला आणि एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडातून, टॉर्च मारला, तेव्हाच कळलं. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, रिंग खाचेत चिकटून बसलेली, आणि पोर्टच्या काठावरचं क्रोम, म्हणजे सिलिंडरच्या आतला कडक मुलामा, नखाने टोचलं तरी पापुद्र्यासारखं निघत होतं. तिसरी टाकीसुद्धा संपली नव्हती. ज्याने काम केलं त्याचं नाव इथे लिहिता येत नाही, पण असे कारागीर प्रत्येक जिल्ह्याच्या बाजारपेठेत बसलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मशीन म्हणजे आमची चेनसॉ, स्टिल एमएस ३८१, ७२.२ सीसी, सात वर्षं चाललेली. एप्रिलचा शेवट, पावसाआधीची आमची झाडं छाटायची कामं तोंडावर. गरम झाल्यावर स्टार्ट होईना, स्टार्टची दोरी हलकी लागायला लागली, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं. इंजिनच्या कामाला दिली. सोबत चिपरची (फांद्यांचे तुकडे करायच्या मशीनची) दोन ब्लेडं बदलायला सांगितली. हिशोब असा: ओरिजिनल ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टनचा सेट १४,८००, कार्बोरेटर ४,२००, बेअरिंग आणि ऑइल सील २,१५०, सायलेन्सर मोकळा करून पॉवर वाढवायचे ३,५००, मजुरी २,५००, चिपरची डी-२ स्टीलची (कडक टूल स्टीलची) ब्लेडं बोल्टसकट ९,६००. एकूण ३६,७५०. वीस हजार यूपीआयने आगाऊ, उरलेले १६,७५० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "साहेब, मग अठरा टक्के वर लागतील." कच्च्या बिलावर गप्प बसलो. सीझनच्या तोंडावर सहा-साडेसहा हजार वाचतायत म्हटल्यावर कोण नाही बसणार? पण तो कागद आज कुठेच चालत नाही.

मशीनचा नंबर मात्र तपासला होता. तो क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या डब्यावर) असतो आणि क्रँककेस आमचाच होता, मग नंबर जुळणारच. ब्लॉक बदललेला त्यावरून कधीच कळत नाही. ३८१ च्या भागांचे नंबर १११९ ने सुरू होतात, पण तो आकडा नकली खोक्यावरही छापतात, त्यावर भरोसा ठेवू नका. ब्लॉक बसवण्याआधी हातात घ्या. पोर्टच्या कडांवर आतून बोट फिरवा. चांगल्या ब्लॉकच्या कडा किंचित गोल मारलेल्या असतात. नकलीला कड धारदार राहते, रिंग प्रत्येक फेऱ्यात तिथे अडते आणि क्रोम उचकटतं. ५२ मिलिमीटरचा तसला सेट ऑनलाइन दोन-अडीच हजारांत मिळतो. आमच्याकडून घेतले १४,८००.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. मशीन घ्यायला गेलो तेव्हा त्याने स्टार्ट करून थ्रॉटल पूर्ण दाबलं आणि मशीन एका सुरात, स्वच्छ, किंचाळल्यासारखी वाजली. आजूबाजूचे दोघं-तिघं म्हणाले, काय पॉवर आलीय! लोड नसताना फुल थ्रॉटलला चेनसॉ थोडी भरड, अडखळल्यासारखी वाजली पाहिजे, आणि लाकडात घातल्यावर आवाज स्वच्छ व्हायला हवा. रिकामीच स्वच्छ किंचाळतेय म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, मिश्रण लीन. हे मी पोरांना शिकवतो. इंजिनचे फेरे मोजायचा टॅकोमीटर गाडीत होता. कानांनी ऐकलं होतं, तरी हात पुढे गेला नाही, पैसे मोजून दिले. शरम वाटते ती याची.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडली. जुना ब्लॉक, जुना पिस्टन मागितला, तर म्हणे भंगारात गेला. आमचा जुना ब्लॉक निकासिलचा (टिकाऊ निकेल मुलाम्याचा) होता, पिस्टन आणि रिंगा बदलून कदाचित अजून चालला असता. तो भंगारात जात नाही, दुसऱ्याच्या मशीनमध्ये "ओरिजिनल" म्हणून जातो. जुने भाग पिशवीत भरून दिल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

नंतर आम्ही स्वतः पूर्ण खोलली. सायलेन्सरच्या आतली जाळी आणि आडवा पत्रा काढलेला, तोंड ड्रिलने मोठं केलेलं. सायलेन्सर मोकळा करणं चूक नाही, नीट केलं तर फायदा होतो. पण तोंडाचं क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या ८० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, ठिणगी अडवणारी जाळी परत बसवायची, आणि त्यानंतर एच स्क्रू (फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू) डावीकडे अष्टमांश फेऱ्याने उघडत प्रत्येक वेळी लाकडात कापून बघायचं. इथे एच स्क्रू पाऊण फेऱ्यावर होता. साध्या सायलेन्सरलाही सुरुवात एक फेऱ्यापासून करतात. ऑइल सील नवे म्हणून २,१५० घेतले. ते जुनेच, ओठ कडक झालेले. इनटेक (हवा-पेट्रोल आत यायची वाट) आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद केले, क्रँककेसमध्ये अर्धा बार दाब भरला. वीस सेकंद तरी टिकायला हवा, पाचात उतरला. फ्लायव्हीलच्या बाजूला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे. म्हणजे हवा सीलमधूनही आत येत होती. नकली ब्लॉक, लीन कार्बोरेटर, गळका सील, तिन्ही एकत्र. पिस्टन वाचणार कसा?

परत गेलो तर म्हणाला, पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, किंवा तुम्ही ऑइल कमी घातलं. वीस टक्के इथेनॉलने मिश्रण थोडं लीन होतं, कार्बोरेटरमधले डायफ्राम (पातळ पडदे) कडक होतात, कॅन उघडा राहिला तर पाणी ओढतं, हे सगळं खरं. पण ५ लिटरला १०० मिलि ऑइल घातलेल्या त्याच कॅनमधून आमच्या दुसऱ्या दोन मशीन चालू होत्या, त्यांना काही झालं नाही. ऑइल कमी पडलं असतं तर पिस्टनला चारी बाजूंनी रेघा पडल्या असत्या, इनटेककडेही. इथे इनटेककडची बाजू आरशासारखी आणि एक्झॉस्टकडची जळालेली. हे त्याला दाखवलं. त्याने पिस्टनकडे पाहिलंसुद्धा नाही.

चिपरच्या ब्लेडचं तर याहून वाईट. दोन दिवसांत चिप्सऐवजी साल सोलल्यासारख्या चिंध्या पडायला लागल्या, चिप्स बाहेर फेकणारी च्यूट तुंबली. ब्लेड काढून कोपऱ्यावर कानस मारली. डी-२ नीट कडक केलेलं असेल तर कानस घसरते, जेमतेम चरा उठतो. इथे कीस पडला. साधं लोखंड, वरून पॉलिश. ही परीक्षा ब्लेड घेताना दुकानातच करा, धारेवर नाही, मागच्या कोपऱ्यावर. आणि बोल्टची डोकी वाचा. डोक्यावरचा आकडा म्हणजे बोल्टची ताकद. आमच्या चिपरला १२.९ लागतात, याने सहाही कमी ताकदीचे, ८.८ चे घातलेले. ब्लेडचा बोल्ट फिरत्या ड्रममध्ये तुटला तर ब्लेड कुठे जाईल ते सांगायला नको, आणि फांद्या घालणारा माणूस दोन फुटांवर उभा असतो. पैशाचा राग एकीकडे, या सहा बोल्टांचा राग वेगळा.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, मशीन चालू करून घेतली होती ना, मग हा दिवाणी मामला. नकली माल विकतोय म्हटलं, तर म्हणे कंपनीने तक्रार करावी. ट्रेडमार्क कायद्यात झडतीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि रजिस्ट्रारचं मत लागतं हे खरं, पण मी झडती मागतच नव्हतो, फसवणुकीची तक्रार देत होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशाला आहे मग? तीन चकरा मारल्या, तीन दिवस कामं बुडाली, हातात साधी पोचही नाही. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवला. ठाण्यात घेत नसतील तर हाच रस्ता, चकरा मारण्यात वेळ घालवू नका.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, मशीन धंद्यासाठी म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. साफ चुकीचं. २०१९ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. छापील कलम समोर ठेवलं तेव्हा अर्ज घेतला. पाच लाखांपर्यंत फी नाही, कोणी मागितली तर देऊ नका. पण पुरावा आहे फक्त वीस हजारांच्या यूपीआयचा. रोख दिलेल्या १६,७५० साठी ते कच्चं बिल, ज्यावर सही नाही, शिक्का नाही. पक्कं बिल घ्या, भागाचं नाव आणि नंबर लिहून घ्या, "ब्लॉक सेट" एवढंच लिहिलं तर परत करा.

तो पिस्टन, ब्लॉक आणि दोन्ही ब्लेडं पंचांसमोर फोटो काढून, सही घेऊन सीलबंद ठेवलीत. चिपरचे सहा बोल्ट १२.९ चे स्वतः आणून बसवले. ४८० रुपये लागले.