उलटं 'शुभमंगल' आणि माझे 4,990 रुपये

लाज वाटतेय, तरी लिहिते. 'घरबसल्या भरतकाम, इस्त्रीचे छापे आम्ही देऊ, कुर्त्यामागे 180 रुपये.' पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणीचे 1,850 ('परत मिळतात, ताई'), कुर्ते-दोऱ्यांच्या किटचे 740 आणि शेवटी दंडाचे 2,400. एकूण 4,990. काम देणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागतोय म्हटल्यावर तिथेच फोन ठेवा. मी नाही ठेवला.

आणि मी काही नवखी नाही हो. साखळी टाका, गाठीचा टाका डोळे मिटून घालते. म्हणून तर जास्त चीड येते.

छाप्याचा कागद उघडला, तर वेलबुट्टीखालचं 'शुभमंगल' सरळ वाचता येत होतं. सरळ! इस्त्रीच्या छाप्यात शाईची बाजू कापडावर पालथी पडते, त्यामुळे कागदावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी हवीत. हे मला चांगलं माहीत होतं. तरी इस्त्री टेकवली. कोपरा उचलून पाहिलं, तर कुर्त्यावर सगळं उलटं. साधी झेरॉक्स होती ती. तिची काळी पूडही गरम इस्त्रीनं कापडाला चिकटते आणि धुतली तरी नीट जात नाही. फोन केला. 'चालतं ताई, एक्स्पोर्टचा माल आहे.' एक्स्पोर्टला उलटं मराठी! आणि मी मुकाट्यानं रिंग आवळून भरायला बसले. 12 कुर्ते, 19 दिवस.

फोटो पाठवले, तर उत्तर आलं: अक्षरं उलटी, माल नापास, करारभंग. मग 'वकिला'चा फोन, 2,400 भरा नाहीतर कोर्टात या. सासूबाई समोरच बसल्या होत्या, घरात तमाशा नको म्हणून भरले. तुम्ही भरू नका. असल्या धमक्यांना कोर्ट विचारत नाही. पैसे गेल्या गेल्या 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी चार दिवस रडण्यात घालवले. आणि चॅट पुसू नका, रागाच्या भरात मी निम्मं पुसलं.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत', दुसऱ्या दिवशी 'एवढ्याशा रकमेसाठी?', तिसऱ्या दिवशी 'आमची हद्द नाही'. हद्द नाही कशी? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठे का घडेना, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. फसवणुकीचं जुनं 420 आता न्याय संहितेत 318 झालंय, तेही मीच त्यांना सांगितलं. त्यावर 'मॅडम, तुम्ही वकील का?'

चौथ्या खेपेला पुरावा म्हणून एक कुर्ता नेला. हवालदारानं तो आतून बाहेरून पाहिला, वेलीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'काम छान आहे. कितीला देता?'

तक्रारीची पोच अजून मिळालेली नाही.