मोटार ‘जळाली’ म्हणून ८,४५० रुपये उकळले

नाशिककरांनो, थंडीत गाडीचा हीटर दाखवायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

माझा ब्लोअर, म्हणजे गाडीत हवा फेकणारा पंखा, एक, दोन, तीनवर मुका आणि चारवर धो धो. जाणकारांनी ओळखलंच असेल, रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा छोटा पार्ट, उडालाय. चौथ्या स्पीडचा करंट रेझिस्टरमधून जातच नाही, थेट मोटारीला मिळतो. पार्ट काही शे रुपयांचा, दोन स्क्रू आणि एक कपलर. पण हे मला कसं ठाऊक असणार? मी बँकेत काम करतो.

द्वारकेजवळचा गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, मोटार जळाली.” तो हे म्हणत होता तेव्हा ब्लोअर चारवर चालू होता आणि वारा माझ्या तोंडावर येत होता! जळालेली मोटार वारा घालते? तिथेच किल्ली काढून निघायचं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन ठाण्याला जायचं होतं, कसारा घाटात धुकं, आत काचेवर वाफ. अशा वेळी माणूस वाद घालत बसतो का?

मोटार ४,२००, ‘स्पीड कंट्रोल’ (म्हणजे तोच रेझिस्टर) १,८५०, सफाई ९००, मजुरी १,५००. साध्या चिठ्ठीवर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. पैसे कुणा भाच्याच्या नंबरवर घेतले. जुनी मोटार मागितली तर “भंगारात गेली”. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

महिन्याभरात पुन्हा तेच. सातपूरच्या इलेक्ट्रिशियनने ग्लव्ह बॉक्स उतरवला, तर मोटार मूळचीच! पंख्यात कडुलिंबाचा पाला, वर जुनी धूळ. नवा फक्त रेझिस्टर, तोही लोकल. पाल्यामुळे मोटार जड फिरून जास्त करंट ओढत होती, त्यात केबिन फिल्टर चोंदलेला, मग रेझिस्टरला थंड करणारी हवा कुठून मिळणार? सगळं साफ करून, नवा रेझिस्टर टाकून त्याने ७५० घेतले.

पोलीस म्हणाले, “हा दिवाणी विषय. एवढ्यासाठी कशाला वेळ घालवता?” साडेआठ हजार म्हणजे एवढंसं? सीट बेल्ट नसला की पावती फाडायला मात्र यांना वेळच वेळ! अर्जावर पोच मागितली तर “साहेब बाहेर गेलेत”. दुसऱ्या एका कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी प्रश्न, “पक्कं बिल आहे का?” अहो, पक्कं बिल देणारा असता तर मी तुमच्या दारात आलो असतो का?

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही, हेल्पलाइन १९१५. पण कागद हवाच. ऑटोमॅटिक एसीवाल्यांनो, तुमच्याकडे बहुधा रेझिस्टरऐवजी पंख्याचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ते खरंच महाग असतं, म्हणून तुम्ही तर जास्तच सांभाळा.