वीतभर अंतरावरचे नागपूर : कॅननच्या १०० मिमी मॅक्रो लेन्ससोबत दोन वर्षे

नागपुरात छायाचित्रणाची आवड लागलेल्या माणसाची पहिली काही वर्षे ठरलेल्या ठिकाणी जातात. फुटाळ्याचा सूर्यास्त, दीक्षाभूमीचा घुमट, रामटेकच्या गडावरून दिसणारा पाऊस, आणि चार दिवस सुटी मिळाली की ताडोबा किंवा पेंच. माझीही तशीच गेली. त्या छायाचित्रांत दोष काढण्यासारखे फारसे नव्हते, मात्र त्यांखाली कुणाचेही नाव लिहिले असते तरी चालले असते, आणि ही गोष्ट मला बरीच वर्षे बोचत होती. दोन वर्षांपूर्वी मी ‘कॅनन ईएफ १०० मिमी एफ २.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम’ ही मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छायाचित्रे काढण्यासाठीची, लेन्स वापरलेल्या स्थितीत विकत घेतली. तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ तीच असते.

ही लेन्स २००९ साली बाजारात आली, म्हणजे ती नवी नाही. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर ती कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरच्या मदतीने बसते आणि स्वयंचलित फोकस आणि स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम सावरणे) ही दोन्ही कामे नेहमीप्रमाणे करते. वजन ६२५ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ६७ मिमी आणि फोकसचे किमान अंतर ३० सेंमी. हे अंतर कॅमेऱ्यातील सेन्सरपासून, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागापासून मोजतात, त्यामुळे सर्वांत जवळ गेल्यावर लेन्सचे टोक आणि वस्तू यांच्यामध्ये १३-१४ सेंमी, म्हणजे वितीपेक्षाही कमी जागा उरते. या अंतरावर वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, म्हणून त्यात वस्तूचा तेवढाच तुकडा पूर्ण चौकट भरतो. टपालाच्या तिकिटाएवढा हा तुकडा हाती आला की काय घडते, ते सांगण्यासाठीच हा परिचय लिहीत आहे.

श्रावण संपत आला की महाल आणि इतवारी भागात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल विक्रीला येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजवलेले बैल घेऊन निघतात, ही आपली वैदर्भीय परंपरा असून नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ती चालत आल्याचे मानले जाते. लहानपणापासून हे बैल मी शेकड्यांनी पाहिले होते. शिंगे, झूल, पायांखालची चाके, एवढेच त्यांचे रूप माझ्या डोळ्यांत होते. एका कारागिराच्या ओट्यावर रंग न दिलेला सागवानी बैल ठेवलेला होता. त्याच्या वशिंडावर लेन्स धरली तेव्हा चौकटीत बैल उरलाच नाही. मध्ये एक लहानसा गडद ठिपका होता आणि त्याभोवती एकाबाहेर एक अशी वलये पसरत गेली होती, नकाशात टेकडीची उंची दाखवणाऱ्या रेषा असतात तशी. सागाच्या खोडात दर वर्षी एक कडे वाढते. सरळ फळी कापली की ही कडी लांब रेघांच्या रूपात दिसतात, पण लाकडाला गोलाई दिली की तीच कडी वेगवेगळ्या उंचीवर कापली जाऊन बंद वलये होतात. कारागिराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दाखवले तेव्हा पटाशी खाली न ठेवताच ते म्हणाले, “वशिंड गोल केलं का लाकूड आपल्या रेघा सोताच दाखवते, ताई.” झाडाने वाढताना घेतलेला आकार आणि माणसाने परंपरेने दिलेला आकार त्या तीन सेंमीच्या उंचवट्यावर एकमेकांत मिसळून गेले होते. ते छायाचित्र आजही माझ्या घरच्या भिंतीवर आहे, आणि पाहुण्यांपैकी फारच थोड्यांना ते बैलाचे आहे हे ओळखता येते.

या तऱ्हेने पाहणे नवे नाही. जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) बर्लिनमध्ये कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत असत. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने ते देठ, कळ्या आणि बिया यांची कित्येक पटींनी मोठी छायाचित्रे काढीत. वनस्पतींच्या घडणीत शिल्पाचे आणि लोखंडी नक्षीकामाचे आकार आधीपासूनच असतात, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसावे हा त्यांचा हेतू होता. त्यांची पार्श्वभूमी कोरी असते आणि प्रकाश मवाळ असतो. नाट्य काहीच नसते, तरी नजर हटत नाही. मी ही लेन्स घेण्यामागे त्यांच्या छायाचित्रांचा वाटा मोठा आहे.

संत्र्याबद्दल लिहिले नाही तर हा परिचय नागपूरचा वाटणार नाही. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा काटोलकडच्या बागांत सकाळी लवकर पोहोचावे. पाकळ्या जाड, मेणासारख्या असतात आणि कडेने प्रकाश आला की त्यांतील तेलाचे सूक्ष्म ठिपके दिसू लागतात. तेच ठिपके पुढे सालीवर ठसठशीत होतात. पिकलेल्या संत्र्याची साल तिरक्या उन्हात धरून पाहिली तेव्हा मला आजीचे तांब्याचे ठोक्याचे घंगाळ आठवले, आणि घरी आल्यावर त्या घंगाळाचे त्याच प्रकाशात, तेवढ्याच चौकटीत छायाचित्र घेतले. दोन्ही कृष्णधवल करून शेजारी ठेवली, तर कोणते फळ आणि कोणते भांडे हे सांगायला क्षणभर थांबावे लागते.

बागेत मात्र या लेन्सची, किंबहुना कोणत्याही मॅक्रो लेन्सची, खरी परीक्षा होते. पूर्ण जवळ गेल्यावर लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवले (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक) तरी फुल फ्रेमवर जेमतेम १ मिमी खोलीचा भागच स्पष्ट येतो. वाऱ्याची लहानशी झुळूक किंवा आपला श्वास एवढ्यानेही फूल फोकसबाहेर जाते. छिद्र आणखी बारीक करावे तर एफ ११ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, सारेच थोडे मऊ पडू लागते, कारण इतक्या जवळून छिद्राचा परिणाम प्रत्यक्षात सुमारे दुप्पट आकड्याएवढा होतो. हात हलण्यावर उपाय म्हणून लेन्समध्ये स्थिरीकरण आहे. ते कोनातील आणि आडवे-उभे असे दोन्ही प्रकारचे हलणे सावरते. कंपनीच्या सांगण्यानुसार एरवी चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश घेण्याचा वेळ दुप्पट) मिळणारी ही मदत पूर्ण जवळून दोन स्टॉपवर येते, आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. अशा वेळी स्वयंचलित फोकस बंद करून, कॅमेऱ्यासह स्वतःच केसभर पुढे-मागे झुलत, पाच-सात छायाचित्रे घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. फोकस करताना लेन्सची लांबी बदलत नाही, त्यामुळे फुलाला धक्का लागत नाही.

चितार ओळीत हीच लेन्स अगदी वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडली. गणपतीच्या आधी तेथे मूर्तिकारांचे हात क्षणभर थांबत नाहीत आणि अरुंद जागेत त्यांच्या अंगावर जाऊन छायाचित्र काढणे मला अशोभनीय वाटते. १०० मिमीच्या लेन्समधून दृश्य अरुंद आणि जवळचे दिसते, त्यामुळे दीड-दोन मीटर दूर उभे राहूनही डोळ्याची रेघ ओढणारा कुंचला आणि त्यामागची दोन बोटे एवढेच टिपता येते. छिद्र एफ २.८ इतके मोठे उघडत असल्याने बल्बच्या उजेडातही काम भागते. फोकसची मर्यादा ठरवणारी कळ अर्ध्या मीटरपासून पुढे अशी ठेवली की लेन्स फोकस शोधत उगाच जवळच्या टोकापर्यंत जात नाही. तेथेच कोपऱ्यात वाळत ठेवलेल्या ओल्या मातीच्या थरावर भेगा पडलेल्या दिसल्या. पहिल्यांदा वाळणाऱ्या मातीत नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. पण तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजून वाळला, की भेगा हळूहळू तिहेरी फाट्यांचे आकार घेतात आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. मे महिन्यात आटलेल्या तलावांच्या काठावर ही जाळी पाहिली होती. चितार ओळीतल्या मातीने तिची आधीची अवस्था दाखवली.

मर्यादाही सांगायला हव्यात. दीक्षाभूमीच्या आवारातून अख्खा स्तूप या लेन्सच्या चौकटीत मावत नाही. घुमटाची कड आणि आकाश, किंवा तोरणाचा एखादा भाग, यांतूनच निवड करावी लागते. मला ही सक्ती मानवली, पण प्रवासात एकच लेन्स बाळगणाऱ्यांना ती मानवेलच असे नाही. तिपाईला जोडण्याचे कडे वेगळे विकत घ्यावे लागते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दृश्य आणखी आवळते, त्यामुळे किड्यांसाठी ती उत्तम ठरते, मात्र दुकानाच्या आत किंवा घरात काम करताना अडचण होते.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांसाठी एक अनुभव नोंदवते. शहरातल्या एका विक्रेत्याने मला आधी दाखवलेली लेन्स बाहेरून नवी वाटत होती. मोबाईलची विजेरी मागून आत टाकल्यावर काठाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली आणि मी ती परत केली. नागपूरच्या मे महिन्यातील धुळीपासून लेन्सच्या जोडांवरील सील बऱ्यापैकी संरक्षण देतात, पण जुलै-ऑगस्टमधील दमटपणा बॅगेत साचतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखला, तर भीती नाही.

कुणी विचारले तर, फुले आणि किडे यांपलीकडे ज्यांना विणकाम, लाकूडकाम, माती, धातू यांत रस आहे, अशांना मी ही लेन्स निःसंकोच सुचवते. महागडा फ्लॅश लगेच घेण्याची गरज नाही. मी आजही सावलीच्या बाजूला प्रकाश परतवण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या आतला कोरा पांढरा कागद धरते, आणि वशिंडाचे ते छायाचित्रही त्याच कागदाच्या उजेडात काढलेले आहे.