पीएम-किसानचा हप्ता की युरियाची स्वस्त गोणी?

पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. महाराष्ट्रात 2023पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे आणखी 6,000. पण सातबाऱ्यावर नाव हवं. बटईने कसणाऱ्याला छदाम मिळत नाही. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईच्या हातातही काही पडत नाही, कारण जमीन नवऱ्याच्या नावावर.

युरियाचं अनुदान कंपनीला जातं, दुकानातल्या विक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर अंगठा उमटल्यावर. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, बटईदारालाही. मात्र ज्याचं रान मोठं नि बागायती, त्याच्या गोण्या जास्त. कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला थोडंच.

मला विचाराल तर रोख रक्कमच बरी, पण ती कसणाऱ्यालाच मिळायला हवी. बटईचे व्यवहार बहुधा तोंडी होतात. आधी त्यांची कागदोपत्री नोंद करा.