इन्क्लूड व्हॉट यू यूज: हेडर हलके करते, पण पॉइंटर हवा की नको ते सांगत नाही

सी++ मध्ये हेडरात (इतर फाइली इन्क्लूड करून घेतात त्या डिक्लरेशनच्या फाइलीत) दुसऱ्या क्लासचा नुसता पॉइंटर किंवा रेफरन्स असेल, तर त्या क्लासचे हेडर इन्क्लूड करावे लागत नाही. 'क्लास इंजिन;' एवढे फॉरवर्ड डिक्लरेशन, म्हणजे क्लासचे नुसते नाव जाहीर करणे, पुरते, कारण पॉइंटरचा आकार कंपायलरला ठाऊक असतो. मेंबर थेट ऑब्जेक्ट असेल, क्लास बेस म्हणून वापरला असेल किंवा इनलाइन फंक्शनात त्या पॉइंटरवरून काही वापरले असेल, तर मात्र पूर्ण हेडर हवे. क्लँग या कंपायलरवर बांधलेले 'इन्क्लूड व्हॉट यू यूज' हे मोफत साधन हा फरक फाइलीगणिक तपासते, आणि बहुतेक वेळा अचूक.

जोडणी किचकट आहे. प्रत्येक आवृत्ती क्लँगच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली. जोडी चुकली की 'एसटीडीडेफ' सारखी अंगभूत हेडरच सापडत नाहीत. सीमेक या बिल्ड साधनाच्या ३.३ आवृत्तीपासून ते टार्गेटच्या प्रॉपर्टीतून चालवता येते, पण फक्त मेकफाइल आणि निंजा या बिल्ड प्रकारांसोबत. सोबतची पायथन स्क्रिप्ट साधनाने सुचवलेले बदल फाइलींत उतरवते. हेडरमधले इन्क्लूड मात्र ती सांगितल्याशिवाय काढत नाही. ते तसेच राहू द्यावे, इतर फाइली त्यांच्यावर आडून विसंबलेल्या असतात.

खरा घोळ युनिक पॉइंटरपाशी (ऑब्जेक्टचा एकटा मालक असलेला, तो आपोआप डिलीट करणारा पॉइंटर) होतो. इंजिनचे फक्त फॉरवर्ड डिक्लरेशन ठेवले आणि डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारे फंक्शन) कंपायलरवर सोडला, तर अपूर्ण टाइपवर (जिची पूर्ण व्याख्या दिसत नाही अशा) साइझऑफ लावल्याची एरर येते, तीही भलत्याच फाइलीत. उपाय: हेडरमध्ये डिस्ट्रक्टर फक्त जाहीर करायचा आणि सीपीपी फाइलीत इंजिनचे हेडर घेऊन त्याखाली 'डिफॉल्ट' लिहायचा. मूव्ह फंक्शनांचेही तेच. अनेक मालक असू शकणाऱ्या शेअर्ड पॉइंटरला ही अडचण नाही, कारण ऑब्जेक्ट कसा डिलीट करायचा हे (डिलीटर) तो बनतानाच नोंदवले जाते. साध्या पॉइंटरवर अपूर्ण टाइप डिलीट केली तर सहसा नुसती वॉर्निंग येते आणि इंजिनचा डिस्ट्रक्टर बहुधा चालतच नाही. हे जास्त घातक.

मेंबर मुळात पॉइंटर असावा का, हे साधन विचारत नाही. केवळ इन्क्लूड वाचवायला ऑब्जेक्टचा पॉइंटर केला, तर दर वेळी हीपवर जागा घ्यावी लागते आणि कॉपीचे काम अंगावर येते. पॉलिमॉर्फिझम, ऐच्छिक मेंबर, दुसऱ्याच्या मालकीचा ऑब्जेक्ट किंवा शेकडो फाइलींत जाणारे हेडर असेल, तरच हा खर्च परवडतो.

गंमत म्हणजे हे साधन गूगलमध्ये सुरू झाले, आणि गूगलचीच सी++ शैलीपुस्तिका फॉरवर्ड डिक्लरेशन शक्यतो टाळायला सांगते: क्लासचा उद्या टाइप अलायस (दुसऱ्या टाइपचे नुसते टोपणनाव) झाला, तर अशी प्रत्येक ओळ तुटते. त्या मताच्या टीमसाठी फॉरवर्ड डिक्लरेशनच्या सूचना बंद करण्याचा पर्यायही साधनात आहे.