हीटरचे बिल ‘चाळीस टक्के’ कमी करणारी पेटी आणि माझे १२,४५० रुपये

वीज वाचवणाऱ्या पेट्या विकणारे कसे बोलतात, हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तो सगळा पाढा मी इथे वाचत नाही. माझे गेले ते एवढे: मीटरजवळ बसवलेल्या मोठ्या पेटीचे ६,८०० रुपये, हीटर आणि गीझरच्या सॉकेटसाठीच्या दोन लहान पेट्यांचे प्रत्येकी २,४५० आणि ‘फिटिंग’चे ७५०, म्हणजे एकूण १२,४५०.

पुण्यात हीटर कशाला लागतो, असे विचारणाऱ्यांनी कोथरूडमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या, ऊन न येणाऱ्या घरात जानेवारीची एक पहाट काढून पाहावी. सासूबाईंचे वय ८४ आणि सोबतीला संधिवात. दोन किलोवॅटचा हीटर रोज तीन तास चालला तर दिवसाला ६ आणि महिन्याला १८० युनिट जळतात, आणि ते नेहमीच्या वापरावर चढत असल्यामुळे त्यांतले बरेचसे ३०० युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यात जाऊन पडतात. आमचे नोव्हेंबरचे बिल २०५ युनिटांचे २,३९० रुपये होते, तर जानेवारीचे ४०२ युनिटांचे ५,६८०. अशा बिलानंतर कोणी नीटनेटका माणूस गळ्यात ओळखपत्र घालून ‘ऊर्जा तपासणी’साठी दारात आला, तर त्याचे ऐकून घेतले जाते, आणि त्यात मूर्खपणा होता असे मी आजही मानत नाही.

राग येतो तो प्रात्यक्षिकाच्या वेळचा. त्याने पाण्याच्या मोटारीच्या वायरीला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीतला करंट मोजणारा चिमटा, लावला, आकडा दाखवला ४.१ अँपिअर, पेटी लावताच तो २.७ झाला. मी म्हटले, “आता हेच हीटरवर करून दाखवा.” पेटीविना ८.६. पेटी लावली, तरी ८.६. आकडा तसूभरही हलला नाही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, हीटरचा लोड जड असतो, पेटीला तो सेट व्हायला महिना लागतो.” पतसंस्थेत नोकरीभर पैन्‌पैचा हिशेब तपासलेल्या बाईसमोर दोन सारखे आकडे उभे होते, आणि त्याच क्षणी आतून सासूबाई “हीटर का बंद केलात गं?” म्हणून हाका मारत होत्या. मी आत गेले, बाहेर आले आणि यूपीआयने पैसे दिले. ते कोणत्याही कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर गेले, हेही पडद्यावर स्पष्ट दिसत होते.

मोटारीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वायरीतून ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, कमी असतो. कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग, जोडला की वायरीतून येणारे अँपिअर खरोखर कमी होतात. परंतु घरगुती मीटर अँपिअर मोजत नाही, किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट, मोजतो, आणि ते होते तेवढेच राहतात. हीटर आणि गीझर म्हणजे तापणारी कॉइल. तिचा पॉवर फॅक्टर मुळातच एकच्या जवळ असल्यामुळे तिथे सुधारण्यासारखे काही नसते. भोसरीच्या कारखान्यांत कपॅसिटर लावून बिल कमी होते हे मी ऐकून होते आणि ते खोटेही नाही, कारण तिथल्या मोठ्या ग्राहकांच्या बिलाचा हिशेबच वेगळा असतो. त्या अर्ध्या सत्यावर हा धंदा चालतो. नंतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने लहान पेटी उघडली, तर आत एक किरकोळ कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा निघाला. पेट्या लावल्यानंतरचे बिल आले ४११ युनिटांचे, ५,८१० रुपये.

यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक आहे. वीज कार्यालयात सांगण्यात आले की, मीटरच्या पुढचे काहीही त्यांच्या अखत्यारीत येत नाही. मग त्यांच्या मीटरजवळ परका माणूस पेटी जोडून जातो, ते कोणाच्या अखत्यारीत येते? पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवले गेले आणि वर, “एवढ्या शिकलेल्या असून कशा फसलात?” हा प्रश्न फुकट मिळाला. बँकेचे म्हणणे, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे पाठवले आणि माझा अर्ज कोणीही पूर्ण वाचला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही हे खरे, परंतु नोटीस पाठवायला विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर एक बंद गाळा आहे.

म्हणून सांगते, जीएसटी क्रमांक नसलेली पावती हातात घेऊ नका. प्रात्यक्षिक मोटारीवर नको, हीटरवरच मागा, आणि तेही टाँग टेस्टरने नव्हे: घरातले बाकी सर्व बंद करून मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते पेटीसह आणि पेटीविना मोजा. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी, असे लिहिले असेल, तर दोन किलोवॅटच्या हीटरला सुमारे १०७ लुकलुकी यायला हव्यात. खर्च खरोखर कमी झाला तो वेगळ्याच गोष्टींनी. सरकत्या खिडक्यांच्या फटींना ब्रश-पट्टी लावली, गीझरचा थर्मोस्टॅट खाली आणला, आणि सासूबाईंच्या अंथरुणात शंभर वॅटच्या आतले विजेचे ब्लँकेट घातले, त्यामुळे अख्खी खोली तापवत बसावे लागत नाही. दारात येणाऱ्याला आत घेण्यापूर्वी त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढा. मी काढला नाही.

अशाच पेट्या ज्यांच्या गळ्यात मारल्या गेल्या असतील, त्यांनी पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. एकाच विक्रेत्याने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझा अर्ज तयार आहे.