सुपर थ्रीडी नोहाज आर्क: तारवातला उंट काही झोपेना

आधीच सांगून टाकतो, मी काही गेमचे रिव्ह्यू करणारा माणूस नाही. इंदूरला राहतो, रविवारी उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये मोठ्या मुलांची संडे स्कूल घेतो, आणि लहानपणी जेल रोडवरून आणलेल्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळून दहावीची वाट लावून घेतलेली आहे, एवढंच क्वालिफिकेशन. झालं काय, की मी इकडे गोष्ट सांगतोय आणि पोरं बाकाखाली मोबाईल धरून गोळीबार करत बसलीयेत, ओरडून काही उपयोग नाही, तर आमचे पाळकसाहेब म्हणाले तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग बायबलवरचाच एखादा गेम बघ की. म्हणून महिनाभर हा सगळा बाजार धुंडाळला.

पहिला फटका बसला एका कन्व्हेन्शनच्या स्टॉलवर. सीडी घेतली, कव्हरवर दावीद गोफण फिरवतोय, मागे विजा कडाडतायत, आत काय तर चित्रकोडी आणि शब्द शोधा, तेही दर पाच मिनिटांनी हँग. भाच्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, हा तर होमवर्क आहे." आता गंमत बघा, त्या कव्हरला भुललो कोण, तर मी. भाचा नाही. या धंद्याचं सगळं गणित तिथेच आहे, पैसे देणार आईबाप नाहीतर चर्चवाले आणि खेळणार पोरं, त्यामुळे कव्हर आपल्यासाठी झकास बनवतात आणि खेळाचं मग बघू पुढे कधीतरी.

शेवटी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सुपर थ्रीडी नोहाज आर्क घेतला. नोहाज आर्क म्हणजे बायबलमधल्या महापुरात नोहाने जनावरं वाचवली ते तारू, मोठं जहाज. नवा नाही हं, मूळ १९९४ चा, सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरचा, २०१५ मध्ये स्टीमवर परत आला. बनवणारे विज्डम ट्री, आणि यांची गोष्ट गेमपेक्षा भारी आहे. ही मंडळी आधी कलर ड्रीम्स नावाने साधेच गेम काढायची, पण निन्टेन्डोचं लायसन्स न घेता. निन्टेन्डोच्या मशीनमध्ये बिनलायसन्सची कॅसेट चालू नये म्हणून एक चिप असायची, ती यांनी चकवली, पण दुकानदारांना कसं चकवणार? निन्टेन्डो आपला माल बंद करेल या भीतीने दुकानं यांच्या कॅसेटी ठेवायला कचरायची. मग यांना सुचलं की ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं तर निन्टेन्डोचं काहीच विकत नाहीत, त्यांना कसली भीती! तिकडे बायबलचे गेम ठेवायला सुरुवात केली, १९९१ चा बायबल ॲडव्हेंचर्स तिथूनच खपला. म्हणजे श्रद्धेइतकाच हा रस्ता गिऱ्हाईक शोधता शोधता सापडलेला आहे. मला यात वाईट काही वाटत नाही, आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री खाण्याचा बाजार भरतो, तिथे जागा मिळाली तर माणूस खाऊची गाडी तिथेच लावणार.

बायबल ॲडव्हेंचर्सही थोडा चालवून बघितला. नोहा गाय, घोडा डोक्यावर रचून पळतो, इथपर्यंत मजा. पण बाळ मोशेच्या भागात बाळाला डोक्यावर घेऊन जायचं असतं आणि हवं तेव्हा फेकूनही देता येतं, थेट नदीत सुद्धा! आणि बाळाला न घेताच शेवटी पोचलात तर गेम म्हणतो छान, पण बाळ मोशेला विसरलात. हे संडे स्कूलमध्ये दाखवलं असतं तर मला चर्चमधून काढलं असतं.

तर नोहाज आर्क. १९९२ चा व्होल्फनस्टाइन आठवत असेल, किल्ल्याच्या बोळांमधून नाझींना मारत जायचं तो. विज्डम ट्रीने त्याचंच इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला प्रोग्राम, तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरकडून रीतसर लायसन्स घेऊन वापरलं (निन्टेन्डोचं मात्र याही वेळी घेतलं नाही, म्हणून तेव्हाच्या कॅसेटच्या वर दुसरी लायसन्सवाली कॅसेट खोचली तरच ती चालायची). किल्ल्याच्या जागी तारू, शिपायांच्या जागी बकऱ्या, बंदुकीच्या जागी गोफण. प्रवासाचे शेवटचे दिवस आहेत, जनावरं पिसाळलीयेत आणि नोहाने त्यांना दाणा खिलवून झोपवायचं. आधी हाताने, मग गोफणीने, पुढे खरबूज आणि शेवटी अख्खं कलिंगड. जनावर मरत नाही, पोट भरलं की आडवं होतं. ही एक कल्पना मला मनापासून आवडली, मारामारीचा खेळ तसाच ठेवून आतला अर्थ उलटा केलाय.

प्रोजेक्टरवर लावला त्या रविवारी चौदा पोरं आणि मागे खुर्चीत आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी, नगरकडच्या, नातवाची वाट बघत बसलेल्या. पहिली बकरी कोपऱ्यातून आली आणि खाडकन लाथ. आजी म्हणाल्या, "अरे, नोहा गोळ्या कशाला घालतोय तिला?" म्हटलं गोळ्या नाहीत आजी, दाणा आहे. "मग हळू टाक की, अंगावर काय फेकतोस!" पोरं हसून लोळली. मोबाईल मात्र सगळे खिशात, हे मान्य करावं लागेल.

तक्रारी आहेतच. लाकडी भिंती सगळीकडे सारख्या, अर्ध्या तासात डोकं गरगरतं, मोठ्या पडद्यावर तर जास्तच, दोघांना मळमळलं. मधे बायबलचे प्रश्न येतात ते इंग्रजीत, मी उभ्याउभ्या मराठी करून सांगत होतो. आणि आमच्या पोरांना मोशे, गल्याथ, यहोशवा माहीत, इंग्रजी उच्चारातला गोलायथ म्हटलं की हा कोण बुवा. मराठीत असं काही मिळेल म्हणून खूप शोधलं, हाती काही लागलं नाही. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये येशूचं चरित्र मराठी ओव्यांमध्ये छापलं, पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत केलं, आणि आपण २१ व्या शतकात एक बकरी मराठीत झोपवू शकत नाही, असो.

बाकी बाजाराचं थोडक्यात. गिटार प्रेझ २००८ चा, म्हणजे खोटी गिटार घेऊन गाणं वाजवायच्या गिटार हिरो गेमचीच कॉपी, फक्त गाणी ख्रिस्ती रॉकची. लेफ्ट बिहाइंड इटर्नल फोर्सेस २००६ चा, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांना आपल्या बाजूला वळवायचं, कोणाला मारलं तर आपल्या माणसाचं आत्मिक बळ घटतं, मग प्रार्थनेचं बटण दाबून भरून घ्यायचं. मारा, बटण दाबा, परत मारा! तिकडच्या ख्रिस्ती लोकांनीच त्यावर टीका केली होती, बरोबर केली. मुलांसाठी हा नकोच.

लहानग्यांना यूव्हर्जनचं बायबल ॲप फॉर किड्स बेस्ट, २०१३ पासून आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. पण देणग्यांवर चालणारी अशी चांगली वस्तू फुकट मिळते म्हटल्यावर पैसे घेऊन गेम विकणाऱ्या छोट्या माणसाने करायचं काय, हाही प्रश्नच आहे.

आणि एक मोठ्यांसाठी, दॅट ड्रॅगन कॅन्सर, २०१६. एका ख्रिस्ती आईबापांनी कॅन्सरने गेलेल्या आपल्या पाच वर्षांच्या जोएलवर बनवलाय. यात जिंकणं नाही, हॉस्पिटलच्या खोलीत रडणाऱ्या बाळाला काही केल्या शांत करता येत नाही आणि बाप प्रार्थना करत राहतो. मी रात्री एकट्याने खेळलो, लॅपटॉप बंद केला आणि मुलीच्या खोलीत जाऊन बसलो. संडे स्कूलमध्ये नाही लावणार.

नोहाज आर्कला पाचपैकी साडेतीन. कंट्रोलर जोडूनच खेळा, एका पोराला दहा मिनिटांच्या वर देऊ नका आणि पोहे-जलेबी खाऊन लगेच तर अजिबात नको. आम्ही त्या दिवशी उंटाजवळ अडकलो, तो काही केल्या झोपेना, तेवढ्यात हॉलची वेळ संपली. परवा उपासनेनंतर आजींनी मला दारातच धरलं, "काय रे, तो उंट जेवला का?"